हुकूमनामा आणि हकीकत : ओमाहा पुळणीवरील स्वारीच्या साधनांची परीक्षा

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस एक अनुभव वारंवार येतो. एखाद्या रुमालांत सरदारास लिहिलेलें आज्ञापत्र सांपडतें. त्यांत अमुक मित्तीस कूच करावें, अमुक वाटेनें जावें, अमुक ठाणें घ्यावें, असा मजकूर असतो. कागद अस्सल, मोर्तब स्पष्ट, हस्ताक्षर ओळखीचें. मग संशोधक समाधानानें टीप करतो कीं, अमुक मित्तीस अमुक ठाणें घेतलें. वस्तुतः त्या कागदानें एवढेंच सिद्ध झालेलें असतें कीं, तें ठाणें घ्यावें असें कोणाच्या तरी मनांत होतें. हुकूम हा हेतूचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. हा नियम उच्चारण्यास सोपा पण पाळण्यास कठीण आहे. कारण पुष्कळ प्रसंगीं हुकूम तेवढा शिल्लक राहिलेला असतो, आणि तो ज्यांनीं बजावला त्यांची हकीकत नष्ट झालेली असते. दोहोंची तुलना करण्याची संधीच मिळत नाहीं.

म्हणून जेथें हुकूम व हकीकत या दोहोंचेहि कागद विपुल उपलब्ध आहेत असा एक प्रसंग घेऊन या नियमाची परीक्षा पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. असा प्रसंग आम्हीं दुसऱ्या महायुद्धांतून निवडला आहे. ६ जून १९४४ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडून दोस्त राष्ट्रांच्या सैन्यानें फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांत जी चढाई केली, तिच्यांतील ओमाहा या सांकेतिक नांवाच्या पुळणीवरील लढाईचा येथें विचार करावयाचा आहे. स्थळ परकें आहे, काळ फार जुना नाहीं, कागदहि मोडी नाहींत. तथापि साधनांच्या परीक्षेची अडचण तीच आहे, असें वाचकांस दिसून येईल.

१. प्रसंग

१९४० च्या जून महिन्यांत फ्रान्सचा पाडाव झाल्यापासून त्या देशाचा उत्तर व पश्चिम किनारा जर्मनांच्या ताब्यांत होता. त्यावर काँक्रीटचीं मोर्चेघरें, तोफा, तारांचीं कुंपणें व सुरुंग यांची जी फळी त्यांनीं उभारली तिला अटलांटिक तटबंदी असें नांव पडलें. अशा तटबंदीवर समुद्रांतून चालून जाणें किती महाग पडतें, याचा अनुभव १९ ऑगस्ट १९४२ रोजीं दिएप बंदरावर आला होता. त्या छाप्यांत सुमारें ५,००० कॅनेडियन सैनिक होते. त्यांपैकीं ३,३०० हून अधिक ठार, जखमी किंवा कैद झाले. शिवाय मोहिमेच्या लेखी बेताची एक प्रत जर्मनांच्या हातीं लागली ती निराळीच.

पुढील मोठ्या स्वारीचा पहिला आराखडा १९४३ मध्यें जनरल फ्रेडरिक मॉर्गन यांच्या कचेरींत तयार झाला. त्यांत समुद्रमार्गें तीन डिव्हिजन सैन्य उतरविण्याची योजना होती. पुढें मुख्य सेनापति आयझेनहॉवर व भूदलाचे सेनापति माँटगमेरी यांच्या आग्रहानें ती संख्या पांच झाली व किनाऱ्याचेहि पांच भाग झाले. पश्चिमेकडून पूर्वेकडे त्यांचीं सांकेतिक नांवें यूटा, ओमाहा, गोल्ड, जुनो व सोर्ड अशीं होतीं. पहिले दोन भाग अमेरिकन सैन्याकडे व पुढले तीन ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्याकडे सोंपविले होते. लहानमोठीं जहाजें व पडाव मिळून सुमारें ७,०००, आणि पहिल्या एका दिवसांत हवाई छत्र्यांनीं उतरलेल्यांसह सुमारें १,५६,००० माणसें, एवढा या स्वारीचा विस्तार होता.

मुहूर्त चंद्र व समुद्र यांनीं ठरविला. छत्रीधारी सैनिकांस रात्रीं चांदणें हवें होतें. पडावांस दिवस उजाडण्याच्या सुमारास ओहोटी हवी होती. कारण फील्डमार्शल रोमेल यांनीं १९४४ च्या आरंभापासून पुळणीवर खांब, लोखंडी चौकटी व सुरुंग यांचें असें जाळें वाढविलें होतें कीं, भरतीच्या वेळीं तें पाण्याखालीं दडे व पडावांचीं तळें फोडी. ओहोटींत तें उघडें पडे. हे दोन्ही योग जूनच्या ५, ६ व ७ या तारखांस जुळत होते. प्रथम ५ तारीख मुक्रर झाली होती. वादळामुळें ती एक दिवस पुढें ढकलण्यांत आली. हवामानाचे अधिकारी जेम्स स्टॅग यांनीं मध्यें थोडी उघडीप मिळेल असें सांगितल्यावरून ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनीं अखेरचा हुकूम दिला.

२. हुकुमांतील किनारा

ओमाहा पुळण ही वीरव्हिल व कोलव्हिल या खेड्यांच्या दरम्यान सुमारें ८ किलोमीटर लांब आहे. पूर्ण ओहोटीच्या वेळीं पाण्याच्या काठापासून वरच्या गोट्यांच्या बांधापर्यंत सुमारें ३०० वार उघडी वाळू पसरलेली असते. बांधामागें थोडी सपाटी व तिच्यामागें ३० ते ५० मीटर उंचीचा चढ आहे. या चढांतून वर जाणाऱ्या पांच घळी आहेत. गाड्यांस व तोफांस त्यांवांचून दुसरी वाट नाहीं. अर्थात् जर्मनांचीं मोर्चेघरेंहि या घळींच्या तोंडाशींच एकवटलेलीं होतीं, व त्यांपैकीं कित्येकांतून होणारा मारा समोरच्या समुद्रावर न होतां पुळणीच्या लांबीवर आडवा पडे.

या किनाऱ्याची माहिती कशी मिळविली, हें आमच्या संग्राहक वाचकांस विशेष रुचेल. १९४२ मध्यें बी. बी. सी. या ब्रिटिश नभोवाणीनें लोकांस विनंती केली कीं, युद्धापूर्वीं सुटींत फ्रान्सच्या किनाऱ्यावर काढलेलीं छायाचित्रें व तेथून आणलेलीं पोस्टकार्डें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं पाठवावीं. लक्षावधि चित्रें जमा झालीं. पोस्टकार्डें जमविणाऱ्यास लोक रिकामटेकडा म्हणतात. पण पोरासोरांच्या वाळूंतील खेळामागें दिसणारा एखादा बांध किंवा चढ सेनापतीच्या नकाशास उपयोगी पडला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एवढ्यावरहि भागलें नाहीं. जानेवारी १९४४ मध्यें मेजर लोगन स्कॉट-बाउडन व सार्जंट ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे एका चिमुकल्या पाणबुडींतून रात्रीं याच पुळणीजवळ गेले, पोहत वाळूवर चढले, व तिचे नमुने घेऊन परतले. ती वाळू रणगाड्यांचा भार सोसील कीं नाहीं, हें त्यांस पाहावयाचें होतें.

अशा माहितीवर जे जाबते तयार झाले त्यांत मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. पांच वाजून पन्नास मिनिटांनीं टेक्सास व आर्कान्सॉ या युद्धनौकांनीं व इतर जहाजांनीं तोफा सुरू कराव्या. पायदळ उतरण्यापूर्वीं बाँबफेकी विमानांनीं मोर्चेघरें फोडून काढावीं. सहा पंचविसांस, कापडी पडद्याच्या आधारानें पाण्यावर तरंगणारे रणगाडे किनाऱ्यास लागावे. साडेसहास बाकीचे रणगाडे, सहा एकतिसास पायदळाची पहिली लाट, व सहा तेहतिसास सफरमैना लोक उतरावे. सफरमैनांनीं भरती चढण्यापूर्वीं अडथळ्यांतून पन्नास पन्नास वार रुंदीच्या सोळा वाटा कापाव्या. पायदळानें घळी काबीज कराव्या, त्यांतून गाड्या वर न्याव्या, व रात्र पडेपर्यंत किनाऱ्यापासून पांच-सहा मैल आंत जाऊन ठाण मांडावें. प्रत्येक पडावांत कोण बसावा, कोणाच्या हातीं कोणतें हत्यार असावें, कोणत्या घराच्या समोर उतरावें, येथपर्यंत तपशील आहे. हे जाबते एकटेच शिल्लक राहते, तर दोनशें वर्षांनंतरच्या संशोधकास या लढाईचें सुसंगत, कालानुक्रमी व सर्वस्वी खोटें वर्णन लिहितां आलें असतें.

३. हकीकत

आतां झालें काय, तें पाहूं. तीनशेंहून अधिक लिबरेटर विमानें वेळेवर आलीं. परंतु किनारा ढगांखालीं होता. यंत्राच्या अदमासानें बाँब टाकावयाचे, आणि ते आपल्याच पडावांवर पडूं नयेत म्हणून क्षणभर उशिरा टाकावयाचे, असें ठरलें होतें. त्या विलंबामुळें बाँब पुळण ओलांडून आंत शेतांत, कांहीं तर तीन मैलांपर्यंत दूर, पडले. मोर्चेघरें जशीच्या तशीं राहिलीं. अग्निबाण सोडणाऱ्या पडावांचा माराहि बहुतांशीं पाण्यांतच पडला.

समुद्र खवळलेला होता व पडाव किनाऱ्यापासून दहा-अकरा मैलांवर सोडलेले होते. कांहीं वाटेंतच भरून बुडाले. ७४१ व्या रणगाडा-बटालियननें पाण्यावर सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकीं २७ बुडाले. शेजारच्या ७४३ व्या बटालियनचे तरंगते रणगाडे मात्र समुद्राचा रंग पाहून पाण्यांत सोडण्यांत आले नाहींत. ते पडावांतून थेट किनाऱ्यास लावले. म्हणजे जेथें हुकूम पाळला तेथें रणगाडे गेले, व जेथें तो बाजूस ठेवला तेथें बहुतेक बचावले. १११ व्या तोफखान्याच्या बारा तोफांपैकीं अकरा समुद्रांतच गेल्या. किनाऱ्यावर शत्रूहि अपेक्षेहून बळकट निघाला. तेथें ७१६ व्या जर्मन डिव्हिजनचे थोडे लोक असतील अशी समजूत होती. प्रत्यक्षांत ३५२ वी डिव्हिजन त्या टापूंत मार्च महिन्यापासून ठाण देऊन बसली होती.

पाण्याची ओढ पूर्वेकडे होती. तिनें व धुरानें मिळून बहुतेक पडाव नेमल्या जागेच्या डावीकडे लागले. महिनोन्महिने नकाशावर घोकलेलीं घरें व घळी समोर दिसेनात. एका कंपनीचे लोक दुसऱ्या कंपनीच्या जागीं, अधिकारी एकीकडे व सैनिक दुसरीकडे, अशी दाणादाण झाली. सफरमैनांस सोळांपैकीं सहाच वाटा पुऱ्या कापतां आल्या, व त्यांच्यांतील शेंकडा चाळीसांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. मग भरतीचें पाणी चढलें, आणि जे अडथळे दिसावेत म्हणून ओहोटीचा मुहूर्त धरला होता ते पुनः पाण्याखालीं गेले.

ठरल्या जागीं उतरलेल्या थोड्या तुकड्यांत ११६ व्या रेजिमेंटची ए कंपनी होती. तिची जागा वीरव्हिलच्या घळीसमोर होती, म्हणजे साऱ्या पुळणींतील अत्यंत मजबूत मोर्चांच्या तोंडाशीं. सहा पडावांपैकीं एक किनाऱ्यापासून सुमारें हजार वारांवर बुडाला. बाकीच्यांचे दरवाजे उघडतांच मशीनगनींचा मारा त्यांवर एकवटला. लोक दोन्ही बाजूंनीं पाण्यांत उड्या टाकूं लागले. पाठीवरच्या ओझ्यानें कित्येक बुडाले. जखमी होऊन वाळूपर्यंत पोंचलेल्यांस मागून चढत्या भरतीनें गांठलें. वांचलेल्यांच्या जबानीवरून पाहतां, दहा मिनिटांच्या आंत कंपनीचे अधिकारी व बहुतेक सार्जंट ठार किंवा जखमी झाले आणि कंपनी म्हणून लढण्याचें तिचें सामर्थ्य संपलें. हुकूम तंतोतंत पाळला गेल्याचें उदाहरण दाखवावयाचें, तर तें हेंच.

ही कंपनी मूळची व्हर्जिनिया संस्थानांतील बेडफर्ड या लहानशा गांवची. गांवची वस्ती त्या वेळीं सुमारें ३,२००; त्या एका दिवसांत गांवचे वीसच्या आसपास तरुण पडले. त्यांच्या घरीं तारा येऊं लागल्या त्या १७ जुलै १९४४ रोजीं. म्हणजे स्वारीच्या जयाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वाचीत असतां गांव जवळजवळ सहा आठवडे आपलीं मुलें जिवंत आहेत असें समजत होतें. कागदाची तारीख व घटनेची तारीख यांतील अंतर आम्ही संशोधक टिपेंत नोंदतों. तें अंतर माणसांस कसें जगावें लागतें, हें येथें दिसतें.

४. वाट कशी सांपडली

सकाळीं साडेआठ-नवाच्या सुमारास ओमाहावरील बेत फसला असें म्हणण्यास हरकत नव्हती. तरी संध्याकाळपर्यंत पुळण हातीं आली. ती कशी, हें हुकूमनाम्यांत कोठेंहि सांपडत नाहीं. जाबत्यांप्रमाणें घळी फोडून वर जावयाचें होतें. प्रत्यक्षांत घळींच्या समोर गेलेले लोक कापले गेले. आणि जे ओढीनें वाहवून दोन घळींच्या मधल्या जागीं लागले, त्यांस तेथें मारा विरळ आढळला. कांहीं ठिकाणीं चढावरचें गवत पेटून धुराचा पडदा तयार झाला होता. बांधाच्या आडोशास पडून राहणें म्हणजे तोफांच्या गोळ्यांची वाट पाहणें, हें उमगल्यावर निरनिराळ्या तुकड्यांतले पांच-दहा, वीस-तीस लोक मिळून तारा तोडीत, सुरुंगांतून एकामागून एक पाऊल टाकीत, उभ्या चढानें वर गेले. त्यांस उठविण्यांत ब्रिगेडियर जनरल नॉर्मन कोटा, कर्नल चार्ल्स कॅनहॅम व कर्नल जॉर्ज टेलर यांचा मोठा वांटा होता. परंतु अनेक ठिकाणीं हें काम एखाद्या लेफ्टनंटानें किंवा सार्जंटानें केलें. वर पोंचल्यावर त्यांनीं मोर्चेघरें बाजूनें व मागून घेतलीं.

याच वेळीं अमेरिकन विनाशिका उथळ पाण्यांत रुतण्याचा धोका पत्करून किनाऱ्यापासून हजार वारांच्या आसपास आल्या व डोळ्यांनीं दिसणाऱ्या मोर्चांवर तोफा डागूं लागल्या. दूरच्या मोठ्या तोफांनीं चाळीस मिनिटांत जें साधलें नाहीं, तें या जवळच्या लहान तोफांनीं बरेंचसें साधलें. दुपारपर्यंत एक घळ मोकळी झाली. रात्रीपर्यंत सुमारें ३४,००० लोक या पुळणीवर उतरले होते. आंतला मुलूख मात्र फार तर दीड-दोन मैल खोल हातीं आला होता. ठार, जखमी व बेपत्ता मिळून दोन हजारांहून अधिक लोकांची हानि झाली.

वाहवून जाणें नेहमीं अनिष्टच होतें असें नाहीं, याचा आणखी एक दाखला पश्चिमेकडील यूटा पुळणीवर मिळतो. तेथेंहि पडाव नेमल्या जागेपासून सुमारें दोन किलोमीटर दक्षिणेस लागले. ब्रिगेडियर जनरल थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे त्याच नांवाच्या अध्यक्षांचे चिरंजीव, पहिल्या लाटेबरोबर उतरले होते. चूक ध्यानांत आल्यावर त्यांनीं पुढील तुकड्या मूळ जागीं न नेतां तेथूनच चढाई चालविण्याचें ठरविलें. ती जागा कमी बंदोबस्ताची होती, व त्या पुळणीवरील हानि सुमारें दोनशेंच राहिली. नकाशा व हुकूम यांवरूनच लिहिणारा संशोधक या लढाईची जागासुद्धां चुकीची लिहिता.

५. साक्षींचें मोल

येथवर आम्हीं हकीकत म्हणून जें सांगितलें त्याला आधार कोणते, व ते कितपत टिकतात, हें आतां पाहावयाचें आहे. कारण हुकूम खोटा ठरला म्हणून हकीकत आपोआप खरी ठरत नाहीं.

पहिला दाखला त्याच दिवशींच्या कागदांचा. ६ जूनच्या दुपारीं दीडच्या सुमारास ३५२ व्या जर्मन डिव्हिजनच्या कचेरीनें वर कळविलें कीं, हल्ला परतवून शत्रूस समुद्रांत लोटलें आहे. फक्त कोलव्हिलजवळ झुंज चालूं आहे. जवळजवळ त्याच वेळीं अमेरिकन पांचव्या कोअरकडून जनरल ब्रॅडली यांस बातमी गेली कीं, पुळणीवर अडकून पडलेले लोक आतां चढ चढूं लागले आहेत. दोन्ही कागद समकालीन, दोन्ही अस्सल, दोन्ही अधिकाऱ्यांचे. आणि दोन्ही परस्परविरुद्ध. जर्मन अधिकारी खोटें बोलत नव्हता. त्यास सकाळचा किनारा दिसला होता व त्याच्या तारा तुटल्या होत्या. समकालीनत्व हें प्रामाण्याचें एक अंग आहे, सर्वस्व नव्हे. लिहिणारा कोठें उभा होता, हाहि प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरा दाखला जबान्यांचा. अमेरिकन सैन्यांत या युद्धाच्या वेळीं इतिहासलेखकांचें पथक होतें. त्यांतील सार्जंट फॉरेस्ट पोग यांनीं स्वारीच्या पुढच्या दिवसांत किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या जहाजावर जखमींच्या जबान्या घेतल्या. पुढें वांचलेल्या सैनिकांस कंपनीवार एकत्र बसवून, एकाचें बोलणें दुसऱ्यानें दुरुस्त करावें अशा रीतीनें, त्या सकाळची हकीकत टिपण्यांत आली. याच टिपणांच्या आधारें १९४५ मध्यें युद्धखात्याची ओमाहावरील पुस्तिका निघाली, व १९५१ मध्यें गॉर्डन हॅरिसन यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. ए कंपनीचा नाश जो आज आपणांस माहीत आहे, तो कोणत्याहि हुकुमांतून नव्हे, तर या जबान्यांतून. तथापि यांतहि एक पोकळी आहे. ज्या पडावांतले सारेच गेले, त्यांची जबानी कोण देणार? जेथें मारा अत्यंत तीव्र, तेथें साधनें अत्यंत तुटपुंजीं. म्हणून कागद कमी म्हणजे घटना लहान, हें अनुमान युद्धेतिहासांत तर फारच फसवें आहे.

जबान्या गोळा करणाऱ्यांची परीक्षाहि चुकत नाहीं. या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते एस. एल. ए. मार्शल यांनीं १९६० मध्यें असें लिहिलें कीं, काळ लोटला तशी ओमाहाच्या पहिल्या लाटेची भीषणता वृत्तांतांतून निवळत गेली आहे. त्यांनीं आपल्या जुन्या टिपणवह्यांवरून ती पुनः मांडली. परंतु याच मार्शल यांनीं १९४७ मध्यें, लढाईंत शेंकडा पंधरा ते पंचवीसच सैनिक बंदूक झाडतात, असा सिद्धांत मांडला होता. त्याला पुरेसा लेखी आधार त्यांच्या कागदांत मिळत नाहीं, असें १९८८ मध्यें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. टिपण जपणारा मनुष्यहि टिपणापलीकडे बोलूं शकतो.

चित्रांचीहि तीच गोष्ट. रॉबर्ट कापा यांनीं त्या सकाळीं ओमाहावर घेतलेलीं थोडीं अस्पष्ट छायाचित्रें जगप्रसिद्ध आहेत. बाकीचीं शंभरएक चित्रें लंडनमध्यें वाळवितांना उष्णतेनें बिघडलीं, असें अनेक वर्षें सांगण्यांत येई. २०१४ पासून या कथेवर साधार आक्षेप घेण्यांत आले, व तीं चित्रें मुळांत काढलींच नसावींत असें कित्येक जाणत्यांचें मत झालें आहे. चित्रें अस्सल आहेत. त्यांच्याभोंवतीं वाढलेली आख्यायिका निराळी. बखरींतील मूळ वाक्य व मागाहून शिरलेला मजकूर वेगळे करण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

तिसरा दाखला एका चिटोऱ्याचा. तो आमच्या वाचकांस सर्वांत प्रिय होईल. स्वारी फसली तर प्रसिद्ध करावयाचें निवेदन आयझेनहॉवर यांनीं आपल्या हातानें शिसपेन्सिलीनें लिहून पाकिटांत ठेविलें होतें. तें पुढें त्यांचे साहाय्यक हॅरी बुचर यांनीं मागून घेतलें म्हणून वांचलें. आज तें कॅन्सस संस्थानांतील अ‍ॅबिलीन येथील आयझेनहॉवर ग्रंथालयांत आहे. त्यावर तारीख आहे ५ जुलै. कागद अस्सल, हस्ताक्षर निर्विवाद, तारीख लेखकाच्या हातची. तरी ती चूक आहे. मजकूर असा कीं, शेर्बूर-हाव्र टापूंत उतरण्याचा प्रयत्न फसला असून सैन्य मागें घेतलें आहे. ५ जुलैच्या सुमारास तर त्या किनाऱ्यावर दहा लक्षांच्या आसपास सैन्य उतरून चुकलें होतें. म्हणजे अंतर्गत पुराव्यावरून तें ५ जूनलाच बसतें. चिंतेच्या घटकेस सेनापतीनें महिना चुकविला, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतील खाडाखोडहि बोलकी आहे. सैन्य मागें घेण्यांत आलें आहे, अशा कर्तृहीन वाक्याच्या जागीं, मीं तें मागें घेतलें आहे, असा अर्थ त्यांनीं घातला. आणि अखेरीस दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असें लिहिलें. सैनिकांस वांटण्यासाठीं छापलेलें त्याच सेनापतीचें आवेशपूर्ण आज्ञापत्र पावणेदोन लक्ष लोकांपर्यंत गेलें. या एकुलत्या चिटोऱ्यावांचून त्या आज्ञापत्रामागील मन आपणांस कळलें नसतें.

शेवटचा दाखला संख्येचा. ६ जून रोजीं दोस्त सैन्याचे एकंदर किती लोक मृत्यु पावले, याचा आकडा पुष्कळ वर्षें सुमारें २,५०० सांगण्यांत येत असे. बेडफर्ड गांवीं उभारलेल्या स्मारकाच्या संस्थेनें अदमास सोडून नांवनिशीवार शोध आरंभिला. पलटणींचे दप्तर, दफनाच्या नोंदी व कुटुंबांकडील कागद ताडून पाहतां ४,४०० हून अधिक नांवें निश्चित झालीं. सेनापतींच्या अहवालांत जी माणसें बेरजेंतून गळलीं होतीं, तीं यादींत एकेक करून परत आलीं.

६. तात्पर्य

या सर्व चर्चेवरून तीन गोष्टी आमच्या मतें निष्पन्न होतात. हुकूमनामा कितीहि तपशीलवार असला तरी तो घटनेचें साधन म्हणून वापरूं नये. त्याच्या तपशीलाच्या मोहानेंच चूक घडते. घटनेचा समकालीन कागदहि लिहिणाऱ्याच्या जागेवरून तपासावा. आणि ज्यांनीं हुकूम बजावला त्या सामान्य माणसांची हकीकत व नांवें ताबडतोब, तीं माणसें हयात असतांना, टिपून ठेविलीं नाहींत, तर तीं मागाहून कोणत्याहि पांडित्यानें भरून काढतां येत नाहींत.

तिसरी गोष्ट आम्हांस जवळची आहे. ऑक्टोबर १९१४ मध्यें मुंबई बंदरांतून निघालेली हिंदी फौज पुढल्याच महिन्यांत पूर्व आफ्रिकेंतील टांगा येथें समुद्रांतून उतरली व हार खाऊन परत जहाजांवर चढली. ओमाहाची लढाई झाली त्याच १९४४ च्या उन्हाळ्यांत मराठा पलटणी इटलींत लढत होत्या. तेथें १० जुलै रोजीं नाईक यशवंत घाडगे यांनीं देह ठेविला व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या मोहिमांचे हुकूम मोठ्या दफ्तरखान्यांत सुरक्षित आहेत व राहतील. परंतु त्यांत गेलेल्या शिपायांचीं पत्रें, पगाराचीं पुस्तकें, पदकांबरोबरचे कागद, मृत्यूच्या तारा, हीं कोंकणांतील व देशावरील घरांत, देव्हाऱ्यामागें किंवा माळ्यावरच्या पेटींत आहेत. आणि वाळवी कागदाची योग्यता पाहून खात नाहीं. त्या युद्धांत गेलेल्यांपैकीं आतां फारच थोडे हयात असतील. त्यांच्या मुलांस व नातवांस ऐकीव गोष्टी अद्याप आठवतात.

आमच्या वाचकांनीं पेशव्यांच्या सरदारांचीं पत्रें ज्या आस्थेनें वांचविलीं, त्याच आस्थेनें या कागदांकडे पाहावें, त्यांच्या नकला कराव्या, आणि घरांतील वृद्धांची आठवण तारखेसह व सांगणाराच्या नांवासह लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. हुकूम देणाऱ्याचा कागद सरकार सांभाळतें. पाण्यांत उडी टाकणाऱ्याचा कागद त्याच्या गांवानें सांभाळला तरच राहतो.